मूळ गावाला एकट्याने जाताना

खजराना आणि आसपासच्या वसाहतींतील आपल्या मराठी कुटुंबांतून अलीकडे एक विचारणा वरचेवर होते: "आमचं मूळ गाव एकदा पाहायचं आहे. घरात कुणाला सवड नाही, एकट्याने गेलं तर चालेल का?" विचारणारे बहुधा पंचविशी-तिशीतले असतात, काही नुकते निवृत्त झालेले. आमचे उत्तर असे, की जरूर जावे, आणि शक्य असेल तर एकट्यानेच जावे. आठ माणसे गाडी करून गेली की गावात पंगत होते, फोटो निघतात आणि संध्याकाळी सगळे परत निघतात. एकटा माणूस ओट्यावर बसला तर गावातली म्हातारी माणसे त्याच्याशी बोलतात.

मात्र तयारी तिकिटापासून सुरू करू नये. गावात शिरल्यावर पहिला प्रश्न येतो, "कुणाचे तुम्ही?" याला 'इंदूरचे' हे उत्तर नाही. नुसते आडनावही पुरत नाही, कारण त्या आडनावाची गावात दहा घरे असतात. पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, भाऊ किती, गाव कुणी व कधी सोडले, घर कोणत्या आळीत होते, गावात पूर्वी काय काम किंवा वतन होते, एवढे कागदावर घेऊन जावे. हे सांगू शकणारी माणसे आज आपल्याच घरात आहेत आणि त्यांपैकी बरीच ऐंशीच्या पुढची आहेत. गाव चार वर्षांनीही तिथेच असेल. आजी असेलच असे नाही. म्हणून प्रवास पुढच्या वर्षी ठरला तरी विचारपूस या महिन्यात करावी. माहेरकडच्या आत्या, आजी यांना आवर्जून विचारावे. पुरुषांना वंशावळ पाठ असते, पण कोणत्या घराशी बोलणे बंद होते आणि का, हे बायकांना ठाऊक असते.

आपण इकडे कधी आलो यावर शोधाची खोली ठरते. मल्हारराव होळकरांच्या काळात जे माळव्यात आले त्यांना गाव सोडून पावणेतीनशे वर्षे होत आली. १८१८ मध्ये राजधानी महेश्वरहून इंदूरला आल्यावर दरबारच्या कामासाठी आणखी घरे आली, आणि विसाव्या शतकात गिरण्या, शाळा, सरकारी नोकऱ्या यांमुळे आणखी. शेवटच्या मंडळींचे चुलत-चुलत भाऊ गावात सापडू शकतात. पहिल्यांना मात्र माणसांपेक्षा कागदांवर जास्त विसंबावे लागते.

घरातल्या ट्रंकेत जुने कागद असतील तर ते आधी पाहावेत. मोडीत असले तरी फेकू नयेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, तिथे मोडीचे जाणकार भेटतात. पूर्वजांपैकी कुणी नाशिक-त्र्यंबकेश्वरला यात्रेला गेले असतील, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत नोंद असू शकते. या वह्या गाव आणि आडनाव यांवरून चालतात, त्यामुळे गावाचे नाव नक्की हवे. काही घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. आपल्या आडनावाचा आहे का, ते विचारून ठेवावे.

गावाचे नाव नक्की करणे वाटते तितके सोपे नाही. वडगाव, पिंपळगाव ही नावे महाराष्ट्रात जागोजाग आहेत, तेव्हा तालुक्याशिवाय नाव उपयोगाचे नाही. त्यात जिल्हे बदलले. जुन्या पत्रातला 'जि. कुलाबा' म्हणजे आजचा रायगड. 'जि. रत्नागिरी' लिहिलेले गाव १९८१ नंतर सिंधुदुर्गात गेलेले असू शकते, आणि लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, होते. काही गावे तर जागेवरच नाहीत. उजनी धरणाच्या पाण्याखाली भीमाकाठची गावे गेली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की दिसते, वस्ती मात्र केव्हाच वर हलली. कोयनेच्या आणि जायकवाडीच्या जलाशयांतही अशीच गावे आहेत. आपले गाव त्यांत असेल तर पुनर्वसनाचे गाव शोधावे. माणसे तिथे भेटतील.

आता जमिनीबद्दल. नाजूक विषय आहे, पण टाळून चालणार नाही. आपल्याकडे जसा पटवारी आणि खसरा, तसा तिकडे तलाठी आणि सातबारा. 'महाभूलेख' या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून सातबारा घरबसल्या पाहता येतो, आणि जुन्या फेरफारांत पूर्वजांची नावे मिळू शकतात. वंशावळीसाठी हा चांगला पुरावा आहे. पण बाहेरगावचा वारस अचानक उगवला आणि त्याने पहिल्याच दिवशी तलाठ्याचे कार्यालय विचारले, तर भाऊबंदांच्या मनात काय येईल? कुळकायद्याने पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'पासून कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. गाव सोडून गेलेल्या अनेकांच्या जमिनी अशा कायदेशीरपणे गेल्या. काही घरांत जमीन मागे राहिलेल्या भावाने तीन पिढ्या सांभाळली, कर्ज फेडले, विहीर खणली. त्यामुळे तुमच्या येण्याची गावाला आधी थोडी धास्तीच वाटते. "मी पाहायला आलो आहे, मागायला नाही," हे पहिल्या चहालाच स्पष्ट सांगावे. आणि खरोखरच हक्काचा प्रश्न असेल, तर तो या प्रवासात मिसळू नये. त्यासाठी वकिलाला घेऊन वेगळी खेप करावी. दोन्ही कामे एकाच फेरीत उरकू पाहणाऱ्याला गोष्टीही मिळत नाहीत आणि जमीनही नाही, असे आमचे मत आहे.

मूळ गाव आणि कुलदैवत एकाच ठिकाणी असते असे नाही. कोकणातल्या कितीतरी घरांची कुलदेवी योगेश्वरी, म्हणजे थेट बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई. हे अंतर धरून दिवस ठरवावेत. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: तळी एकट्याने उचलता येत नाही, तीन किंवा पाच जण लागतात. घाबरू नका, गडावर कुणालाही हाक मारली तरी लोक हात लावतात. देवीला ओटी भरायची असेल तर इथून महेश्वरी साडी न्यावी. गावातल्या घरासाठी इंदुरी शेव पुरते. महागडी भेट दिली की समोरच्याला परतफेडीची काळजी लागते.

केव्हा जावे? माणसे भेटावीत असे वाटत असेल तर गावच्या जत्रेला जावे. देशावर ती बहुतेक चैत्र-वैशाखात असते. कोकणात शिमगा आणि गणपतीला मुंबईकरही परतलेले असतात. निवांत बोलायचे, देऊळ आणि कागद पाहायचे, तर दिवाळीनंतरचे दिवस बरे.

इंदूरहून पुण्याला आणि दौंडला थेट गाड्या आहेत. नगर, सोलापूरकडच्या गावांना दौंड सोयीचे. नाशिक-खानदेशासाठी रात्रीची बस: खलघाटला नर्मदा, शिरपूरनंतर तापी, म्हणजे आपले पूर्वज वर आले तोच रस्ता उलटा. पुढे एसटी. महाराष्ट्राच्या हद्दीत महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. गावात मुक्कामी एसटी येते का, ते आधी विचारावे. ती रात्री गावातच थांबते आणि पहाटे निघते, त्यावर परतीचा बेत बसतो. पहिला मुक्काम तालुक्याच्या गावी किंवा देवस्थानाच्या भक्तनिवासात ठेवावा. एकट्या मुलींनी विशेषतः सरपंचांशी किंवा पोलीस पाटलांशी आधी फोनवर बोलून घ्यावे. ओळखीचे कुणीच नसेल तर देवळातल्या गुरवाला गाठावे. कुठल्या घरातून पूर्वी देवाला काय येत असे, हे त्याच्या घरात सांगत आलेले असते.

आपल्या बोलण्यात 'सब्जी', 'मोहल्ला' सहज येतात, त्याचे तिकडे हसू होते. होऊ द्यावे, गप्पा तिथूनच सुरू होतात. रेकॉर्डिंग मात्र विचारल्याशिवाय करू नये, आणि ऐकलेले त्याच रात्री वहीत उतरवावे, सांगणाऱ्याचे नाव आणि वय यांसह. घराच्या जागी नुसते जोते उरलेले असेल, तर त्याच्या चारी बाजूंना आज कुणाची घरे आहेत ते लिहून घ्यावे. पुढे कुणी गेले तर तेवढ्यावरून जागा सापडते.

निघण्याआधी खजराना गणपतीला जाणे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. परतल्यावर वंशावळीची एक प्रत गावातल्या भाऊबंदांना टपालाने पाठवावी, आपल्या शाखेची नावे भरून. त्यांच्याकडच्या कागदावर आपल्या पणजोबांच्या नावापुढची जागा बहुधा कोरी असते.