उन्हाळ्यातलं पुणं : ऐका, वाचा, पाहा

वसंत व्याख्यानमाला : सुरुवात १८७५, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने. तेव्हा त्यांचं वय जेमतेम ३३. आयोजक वक्तृत्वोत्तेजक सभा. काळ एप्रिल-मे, ठिकाण टिळक रस्त्यावरचं टिळक स्मारक मंदिर. विषयांना कुंपण नाही : विज्ञान, इतिहास, अर्थकारण, साहित्य. नावात ‘वसंत’ का? पंचांगात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू. रस्त्यावर मात्र तोच ऐन उन्हाळा.

वाचायला : पुणे नगर वाचन मंदिर, स्थापना १८४८, लोकहितवादींचा त्यात पुढाकार. व्याख्यानमालेपेक्षा २७ वर्षांनी थोरलं.

संशोधनाची ओढ असेल तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७). महाभारताची चिकित्सक आवृत्ती इथलीच. काम चाललं १९१९ ते १९६६, खंड १९.

घरबसल्या ऐकायला : आकाशवाणी पुणे. १९५३पासून.

पाहायला : प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६). दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. १९३७च्या व्हेनिस महोत्सवात गौरव. प्रभातच्या त्याच आवारात १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय वेगळं : १९६४, विधी महाविद्यालय रस्ता. इन्स्टिट्यूट चित्रपट शिकवते, संग्रहालय ते जतन करतं.