छिन्नमनस्कतेवरील औषधें आणि मेंदू

विशीच्या उंबरठ्यावरचा, कालपर्यंत नियमानें कॉलेजांत जाणारा एखादा मुलगा हळूहळू घरांत कोणाशीं बोलेनासा होतो. शेजारच्या खोलींत आपल्याविषयींच कुजबुज चालली आहे, रस्त्यावरील अनोळखी माणसें आपल्यालाच खुणा करीत आहेत, असें त्याला वाटूं लागतें. कोणी बाहेरची बाधा म्हणतें, कोणी अभ्यासाचा ताण. शेवटीं डॉक्टर छिन्नमनस्कतेचें, म्हणजे स्किझोफ्रेनियाचें, निदान करितात. औषध सुरू होतें आणि आईबापांच्या मनांत एक भीति घर करिते. हें औषध मुलाचा मेंदूच तर खाणार नाहीं ना? औषध मेंदूंत काय करितें हें समजल्यावांचून या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं.

मेंदूंतील दोन मज्जापेशींमध्यें सूक्ष्म फट असते. ती ओलांडून निरोप पोंचविण्याचें काम कांहीं रासायनिक द्रव्यें करितात. डोपामिन हें त्यांपैकीं एक. ‘इकडे लक्ष दे, यांत कांहीं अर्थ आहे’ असा त्याच्या निरोपाचा आशय सांगतां येईल. या रोगाच्या आरंभीं पुष्कळ रोग्यांत मेंदूच्या गाभ्यांतील स्ट्रायटम नांवाच्या भागांत हें द्रव्य वाजवीपेक्षां अधिक तयार होतें. मग क्षुल्लक गोष्टींनाही भलताच अर्थ चिकटतो. दाराचा आवाज खूण ठरतो, वाटसरूचें खोकणें धमकी वाटतें.

ज्ञानाचा क्रम येथें उलटा आहे. औषध आधीं सांपडलें, त्याचें कार्य मागाहून कळलें. १९५२ सालीं पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयांत जाँ डिले व पिएर डेनिकर यांनीं मनोरुग्णांना क्लोरप्रोमाझिन दिलें, तेव्हां त्यांचा क्षोभ व भास ओसरूं लागले. पुढें १९५७ सालीं स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनीं सशांना रेसरपिन दिलें. हें द्रव्य भारतांतील सर्पगंधेच्या मुळींत असतें. ससे निश्चल पडले. परंतु डोपामिन ज्यापासून बनतें तें एल-डोपा देतांच पुन्हां हिंडूं लागले. १९६३ सालीं कार्लसन यांनींच क्लोरप्रोमाझिन हें डोपामिनसारख्या द्रव्यांचा निरोप अडवीत असावें, असें अनुमान मांडलें. डोपामिनवरील कार्याबद्दल त्यांना २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

निरोप घेणाऱ्या पेशीवर जणूं कुलुपें असतात. डोपामिन ही त्यांची किल्ली. औषधाचा कण त्या कुलुपांत बसतो, पण फिरत नाहीं. त्यामुळें खऱ्या किल्लीला वाव उरत नाहीं. या रोगावरील बहुतेक औषधांचें कार्य असेंच चालतें. सुमारें ६५ टक्के कुलुपें अडलीं म्हणजे बहुधा गुण येऊं लागतो. ८० टक्क्यांच्या वर गेल्यास अंग ताठरणें, हात कांपणें सुरू होतें, कारण हालचालींचें नियमनही हेंच द्रव्य करितें. कुलुपें कांहीं तासांतच अडतात. मनांत रुजलेला संशय विरण्यास मात्र आठवडे लागतात.

आतां त्या भीतीकडे वळूं. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मकाक जातीच्या माकडांना १७ ते २७ महिने हीं औषधें दिल्यावर त्यांच्या मेंदूचें वजन ८ ते ११ टक्क्यांनीं कमी भरलें. २०११ सालीं अमेरिकेंतील आयोवाच्या संशोधकांनीं २११ रोग्यांच्या मेंदूंचीं चित्रें वर्षानुवर्षें तपासलीं. औषध जितकें अधिक, तितकी घट किंचित् अधिक, असें दिसलें. परंतु औषधाला स्पर्शही न केलेल्या रोग्यांच्या मेंदूंतही फरक आढळतात. २०२१ सालच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासांत तर प्रथमच आजारी पडलेल्यांपैकीं औषध घेणाऱ्यांच्या मेंदूचा पॅलिडम हा भाग वाढला; नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांचा घटला.

भीति अगदींच निराधार नाहीं. पण त्यापायीं गोळ्या परस्पर बंद करणें घातक होय. तसें केल्यानें रोग उलटण्याचा संभव वाढतो, आणि उपचाराविना जितका काळ जातो तितकें सांवरणें सामान्यतः कठीण होतें. गुण देणारी कमींत कमी मात्रा कोणती, अंग ताठरत आहे काय, वजन वाढत आहे काय, मात्रा उतरवितां येईल काय, हे प्रश्न घरच्यांनीं डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. गोळ्यांची पुडी मात्र तोंपर्यंत नेमानें मुलाच्या हातीं द्यावी.