गव्हांड्याच्या भिंतीला विम्याचा टेकू

मोंतार्जी (फ्रान्स), जुलै

पॅरिसच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर मोंतार्जी हे कालव्यांचं टुमदार गाव. सध्या भोवताली गव्हाची सोंगणी जोरात आहे. हार्वेस्टर पुढे जातो आणि मागून बेलर गव्हांडा उचलून चौकोनी गठ्ठे टाकत जातो. आपल्या मेहकर-चिखलीकडे हाच माल थ्रेशरमधून भुसा होऊन निघतो नि गोठ्यात जातो. इथे त्यातला थोडा घरांच्या भिंतींत जातो. फ्रान्समध्ये या कामाचा पाया याच गावात घातला गेला.

१९२० साली पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. तेरा लाखांवर फ्रेंच सैनिक गेले होते, उत्तरेकडची गावंच्या गावं जमीनदोस्त झाली होती. बांधकामाला ना पुरेसं सामान, ना हात. गव्हांडा मात्र हवा तेवढा. एमिल फोयेत या इंजिनिअरनं लाकडाचा सांगाडा उभारला, त्यात गव्हांड्याचे गठ्ठे ठासले आणि वरून गिलावा केला. अमेरिकेत नेब्रास्काच्या शेतकऱ्यांनी त्याआधीच गठ्ठ्यांची घरं बांधली होती, पण तिथे छप्पर थेट गठ्ठ्यांवर टेकवत. फोयेतनं भार लाकडावर घेतला. त्याचं घर शंभरी ओलांडून आजही उभं आहे. २०१३ मध्ये ते विकत घेतलं गेलं आणि आता तिथे गव्हांड्याच्या बांधकामाचं राष्ट्रीय केंद्र आहे.

बुलढाण्याच्या माणसाला यात नवल वाटू नये. आपल्या धाब्याच्या घरात खांब, तुळया नि सर उभे राहतात, वर मातीचा थर पडतो. भार खांबांवर आणि भिंत आडोशाला. फरक वजनाचा. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपात जीव घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी. लाकडी खण बऱ्याच ठिकाणी तसेच उभे होते. गव्हांड्याची भिंत दीड फुटाच्या आसपास जाड, पण दगडाच्या मानानं अगदी हलकी. शिवाय गव्हांड्यात अडकलेली हवा उन्हाळ्याचा ताप आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही बाहेर ठेवते.

काम बघायला मजा येते. गडी गठ्ठ्यात लांब सळईचं यंत्र खुपसून ओलावा मोजतो. तो वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवा. मग गठ्ठा दोन खांबांच्या मध्ये पायानं रेटून बसवतात. फट राहिली तर मोकळा गव्हांडा बोटांनी कोंबतात, कारण फट म्हणजे गार वाऱ्याला वाट. पहिला गठ्ठा जमिनीपासून निदान २० सेंटिमीटर वर. शेवटी चुन्याचा किंवा मातीचा गिलावा, म्हणजे भिंतीतली वाफ बाहेर पडत राहते. उंदरांना दाणे नसलेल्या काडात खायला फारसं काही मिळत नाही. दाबलेला गठ्ठा गिलाव्याआड सहसा भडकतही नाही, कारण आत हवा पोचत नाही. सुटा गव्हांडा मात्र काडीसरशी पेटतो, त्यामुळे कामाच्या जागी विडी-सिगारेटला सक्त मनाई.

खरी अडचण कागदाची होती, आणि इथेच हा देश कळतो. फ्रान्समध्ये बांधणाऱ्यावर दहा वर्षांची जबाबदारी असते आणि १९७८च्या कायद्यानं तिचा विमाही सक्तीचा केला. रुळलेल्या पद्धतीला विमा सहज मिळतो; वेगळं काही करायला जावं तर विमा कंपनी हात वर करते. गव्हांड्यात काम करणारे सुतार, गवंडी नि वास्तुविशारद मग एकत्र आले. घोषणा देण्यापेक्षा त्यांनी चाचण्या केल्या, ओलावा, घनता, आग यांचे आकडे जमवले आणि नियमांचं पुस्तक लिहिलं. २०१२ पासून ते लागू झालं आणि गव्हांडा चारचौघांसारखं बांधकामाचं साहित्य ठरला. त्यानंतर शाळा बांधल्या गेल्या; व्होज भागातल्या सँ-दिए गावात तर लाकूड-गव्हांड्याची आठ मजली इमारत उभी राहिली. फ्रेंच माणूस सरकारी कागदाला दिवसभर शिव्या देतो, पण तो कागद हातात पडला की निर्धास्त झोपतो.

आपल्याकडे धाबं पाडून स्लॅब टाकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. मातीच्या भिंतीवर कच्च्या घराचा शिक्का बसला, की कर्ज मागायला जाणाराही बिचकतो. आणि फ्रेंच पुस्तक उचलून आपल्याला चालणार नाही, कारण आपला पाऊस चार महिने झोडपतो आणि उधई लाकूड नि काड दोन्ही पोखरते. खामगावच्या तंत्रनिकेतनातल्या पोरांनी लाकडी चौकटीत गठ्ठ्यांची एक भिंत उभी करावी, तिचं दक्षिण-पश्चिमेचं तोंड पावसाला द्यावं आणि दर आठवड्याला ओलाव्याचा आकडा वहीत टिपावा. असे तीन पावसाळे गेले की बँकेच्या साहेबासमोर ठेवायला आपलीच वही असेल, आणि ती भिंत टिकली नाही तर तेही त्याच वहीत कळेल.