ठेवायचा, सरकवायचा नाही

माझे मामू रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून १९६८ साली विलायतेला गेले. बर्मिंगहॅमकडच्या एका मोटार कारखान्यात रंगखात्यात लागले आणि जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या रंगवत राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःसाठी एक जुनी एमजीबी घेतली. पत्रा ठोकला, घासला आणि गर्द हिरवा रंग स्वतःच्या हाताने दिला. पुढे त्यांचे हात थरथरू लागले. म्हणजे त्यांनी रंगवलेली ती शेवटचीच गाडी. त्या रंगाला पहिला ओरखडा पाडला तो मी. म्हणून आज थोडं त्याविषयी.

एमजीबी ही इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनलेली दोन माणसांची गाडी. १९६२ ते १९८० या काळात तिचे सगळे प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिचा मूळ प्रकार उघडा, वर कापडी छत. उन्हाळ्यात छत खाली घ्यायचं आणि वारा खात फिरायचं. पण तिकडचा हिवाळा म्हणजे पाऊस, गारठा आणि बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ. कापडाचा तिथे निभाव लागत नाही. त्यासाठी निघाला सुटा, कडक टप, म्हणजे हार्डटॉप. ऑक्टोबरात बसवायचा, वसंतात काढून ठेवायचा.

ही सोय अनेक गाड्यांना होती. अमेरिकेत १९५५च्या फोर्ड थंडरबर्डला फायबरग्लासचा टप मिळे. त्यातून मागचं नीट दिसेना, म्हणून १९५६ साली टपाच्या बाजूंना जहाजासारख्या गोल खिडक्या आल्या. जर्मनीच्या मर्सिडीजने १९६३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात २३० एसएल मांडली. तिच्या टपाचा मधला भाग दोन्ही कडांपेक्षा खोलगट होता. देवळाच्या छपरासारखा दिसतो म्हणून लोक त्या गाडीला ‘पॅगोडा’च म्हणू लागले. मामूंच्या गाडीचा टप फायबरग्लासचा, त्यामुळे त्यामानाने हलका. धातूचा टप चांगलाच जड असतो. पण हलका असो की जड, एकट्याने तो उचलायचा नाही. वजन पेलतं, तोल पेलत नाही. एक कोपरा खाली आला की तो थेट पत्र्यावर टेकतो.

मामू म्हणत, “रंग टपाने जात नाही रे, मधल्या वाळूने जातो.” टपाच्या कडेला रबराची पट्टी असते. मऊ रबर रंगाला काय करणार, असं आपल्याला वाटतं. पण त्या रबरावर वाळूचा एक कण चिकटला की तेच रबर पॉलिशपेपर होतं. गाडीवरच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी भरते एखाद-दोन केसांएवढी. त्यातून उघड्या गाडीला छताचा आधार नसल्याने ती रस्त्यावर किंचित पिळवटते. म्हणजे टप बसवल्यावरही रबर आणि पत्रा महिनोन् महिने एकमेकांवर घासत राहतात. बसवताना राहून गेलेला कण हिवाळाभर आपलं काम करतो.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. गाडी धुवायची, रबराच्या घड्या बोटाने उघडून पुसायच्या आणि सगळं पूर्ण कोरडं करायचं. रबर कडक झालं असेल, चिरलं असेल, तर ते बदलायचं. त्याला ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावायची नाही, रबर फुगतं. नव्या रंगावर टप लगेच चढवायचा नाही. रंग वरून वाळलेला दिसला तरी आतून कच्चा असतो आणि त्यावर रबराचा ठसा उमटतो. जिथे टप टेकणार तिथे रंगाचं रक्षण करणारी पारदर्शक फिल्म लावली तर उत्तम. साधी चिकटपट्टी दिवसेंदिवस ठेवली तर काढताना जुना रंगच घेऊन येते.

गाडी सपाट जमिनीवर हवी. जॅकवर एक बाजू उचललेली असेल तर सांगाडा वाकडा होतो आणि भोकं जुळत नाहीत. काचा खाली, दारं उघडी, कापडी छत नीट घडी करून आत. मागच्या पत्र्यावर स्वच्छ, मऊ चादर. अंगठ्या, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल उतरवायचं. मग दोघांनी दोन बाजूंनी टप सरळ वर उचलायचा, गाडीवर आणायचा, तिसऱ्याने चादर काढून घ्यायची आणि टप सरळ खाली ठेवायचा. बोटभर चुकला तर पुन्हा उचलायचा. सरकवायचा नाही.

पुढचे चाप आणि बाजूचे बोल्ट आधी सगळे सैल लावायचे. मग आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू आवळली तर दुसरीकडे फट पडते. कुठल्या गाडीत आधी पुढचं आणि कुठल्या गाडीत आधी मागचं, हे तिच्या पुस्तिकेत पाहावं. शेवटी कागदाचा कपटा रबराखाली ठेवून ओढून पाहायचा. सगळीकडे सारखाच अडला तर काम झालं.

हे सगळं मामूंनी २०१८च्या ऑक्टोबरात मला समजावलं होतं. पण पाऊस येईल म्हणून मी घाई केली. घड्याळ हातात तसंच होतं. टप बोटभर मागे बसला, तो मी उचलायच्या ऐवजी ओढला. आवाज एवढासा झाला. हिरव्या रंगावर बोटभर लांब पांढरी रेघ. मामूंनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “मुमानीला सांग, चहा टाक.” त्या दिवशी त्याविषयी ते आणखी काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो. रेघ तशीच होती. रंगाऱ्याला का दाखवली नाही, असं विचारलं. म्हणाले, “तेवढ्या रेघेसाठी तो सगळा पत्रा नव्याने रंगवील. मग माझं काय राहिलं तिथे?” त्या खेपेला टप मी आणि मामेभावाने धरला. मामू खुर्ची टाकून समोर बसले. “वर... अजून वर... थांबा.” मग बराच वेळ नुसतं बघत राहिले आणि म्हणाले, “हां. आता ठेवा.”