साडेआठच्या प्रयोगाआधी

संध्याकाळी सातच्या सुमाराला ठाण्यात मानपाड्याच्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात काही वेळ दोन नाटकं एकमेकांत मिसळलेली असतात. दुपारच्या प्रयोगाचे प्रेक्षक पुढच्या दाराने रिक्षा शोधत बाहेर पडत असतात आणि मागच्या बाजूला रात्रीच्या नाटकाचा टेम्पो येऊन उभा राहतो. रंगमंचावर एका दिवाणखान्याच्या भिंती उतरताहेत, दुसऱ्याच्या विंगेत टेकवून ठेवल्यात. घोडबंदर रस्त्याने टेम्पोला उशीर केला, की हा मधला वेळ आणखी आकसतो.

या रस्त्यावर रात्र जागवणाऱ्या जागा आता पुष्कळ आहेत. मॉल, मल्टिप्लेक्स, बार, हॉटेलं. त्यांची सजावट एकदा केली की वर्षानुवर्षं टिकते. नाटकवाल्यांना मात्र घर रोज उभं करायचं आणि रोज मोडायचं असतं, तेही दरवेळी वेगळ्या रंगमंचावर. मला या कामाचं फार अप्रूप वाटतं.

आधी सतरंजी अंथरली जाते. मग फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड किंवा प्लाय ठोकलेल्या भिंती, आपापल्या जागी येतात. प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा घातलेला असतो, तरी जुनी माणसं तो बघत नाहीत. दोघं जण भिंत उभी धरतात, तिसरा बिजागरीत खिळा सरकवतो, चौथा मागून तिरका टेकू लावून त्यावर वजन ठेवतो. सगळ्यात जास्त जपतात ते दाराला. रंगात आलेला नट दार आपटून बाहेर गेला आणि सगळी भिंत थरथरली, तर पुढचं वाक्य कितीही चांगलं असलं तरी फुकट. म्हणून दार लावल्यावर एक जण ते चारपाच वेळा जोरात आपटून पाहतो आणि दुसरा मागे उभा राहून भिंतीवर नजर ठेवतो. “मामा, अजून हलतंय,” असं तो म्हणाला की टेकू पुन्हा काढायचा.

तोवर वर दिवे बांधले जातात. कुणीतरी कोचाच्या मधोमध उभं राहतं आणि दिवा त्याच्या चेहऱ्यावर नीट पडेपर्यंत हलत नाही. अंधारात प्रवेश बदलताना टेबल नेमकं कुठे सरकवायचं, त्यासाठी जमिनीवर रेडियमच्या बारीक पट्ट्या चिकटवतात. प्रेक्षकांना त्या दिसत नाहीत. नाटकभर वापरायच्या वस्तू विंगेतल्या टेबलावर क्रमाने मांडलेल्या असतात: चष्मा, पत्र, किल्ल्यांचा जुडगा, पाण्याचा तांब्या. पत्र जागेवर नसेल तर रंगमंचावरच्या माणसाने काय वाचायचं?

प्रवेश बदलताना होणारी ही धावपळ कमी करायला रंगमंचच फिरवायची युक्ती जुनी आहे. जपानमध्ये ओसाकात १७५८ साली नामिकी शोझो या नाटककाराने काबुकी या तिथल्या पारंपरिक नाटकासाठी फिरता रंगमंच वापरात आणला. आपल्याकडे आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ मध्ये आलं, तेही फिरत्या रंगमंचावर. पाच रूपांतल्या प्रभाकर पणशीकरांना लोक आजही आठवतात. रंगमंचामागे राबलेल्यांची नावं कुठे ऐकू येत नाहीत. ज्यांच्या नावाने हे नाट्यगृह आहे ते घाणेकर मूळचे दातांचे डॉक्टर, आणि ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ मधल्या संभाजीने त्यांना घराघरांत नेलं. जाहिरातीत शेवटी “आणि” म्हणून त्यांचं नाव वेगळं छापत. तो मान त्यांचाच होता. पण त्यांच्या एन्ट्रीच्या वेळी दिवा कुणी उजळला, हेही कुठेतरी लिहिलेलं असायला हवं होतं.

सव्वाआठला रंगमंचाची पूजा होते, नारळ वाढवला जातो. पहिली घंटा, दुसरी घंटा. आतापर्यंत घामाने भिजलेले लोक काळे शर्ट घालून विंगेत उभे राहतात. तिसरी घंटा झाली की त्यांना नाटक दिसतं ते फक्त बाजूने, नटांच्या एका गालाएवढं. मध्यंतरात बाहेर बटाटावड्यासाठी गर्दी होते, आत दुसऱ्या अंकासाठी सोफा फिरतो.

उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना कायद्याने रात्री दहालाच थांबावं लागतं. बंदिस्त सभागृहाला तशी आडकाठी नाही, म्हणून पडदा अकराच्या आसपास पडतो. प्रेक्षक कलाकारांना भेटायला आत येतात, फोटो काढतात, आणि त्यांच्या पाठीमागेच भिंती उतरू लागतात. बॅकस्टेजच्या माणसांना पैसे प्रयोगागणिक मिळतात, त्याला ते ‘नाईट’ म्हणतात, मग प्रयोग दुपारचा का असेना. प्रयोग रद्द झाला तर नाईट नाही. पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत प्रयोग कमी होतात तेव्हा घर कशावर चालतं, हा प्रश्न निर्मात्यांच्या संघटनांनी आणि सरकारने गांभीर्याने घ्यावा असा आहे. या लोकांपैकी पुष्कळांची घरं डोंबिवली, बदलापूर, विरारला. शेवटची लोकल चुकली तर नाटकाची बसच वाटेत सोडत जाते.

टेम्पो भरण्यालाही क्रम असतो. जे उद्या आधी लागणार ते आज शेवटी चढवायचं. उद्या दुपारी कल्याणला अत्रे रंगमंदिरात प्रयोग आहे, तेव्हा वस्तूंच्या पेट्या आधी आत जातात, मग फर्निचर, मग भिंती, आणि सतरंजीची गुंडाळी सगळ्यात शेवटी दाराशी. एक मुलगा फळीला टेकून आकडे मोजतो, सात नंबर कुठे म्हणून ओरडतो, आणि कुणीतरी विंगेतून तो घेऊन धावत येतो.