बंद पेटीतील दंतचक्रे

अमेरिकेतील जुने पिकअप ट्रक हौसेने चालवणारे आणि दुरुस्त करणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांना एक अडचण नेहमी येते. गाडी कोणत्या सालची हे कागदोपत्री ठाऊक असते, पण तिच्यात आज कोणता गिअरबॉक्स आहे हे ठाऊक नसते. तीस-चाळीस वर्षांत तो केव्हातरी बदललेला असू शकतो. अंदाजाने गॅस्केट किंवा गाळणी मागवली की ती बसत नाही, आणि उघडलेली गाडी तशीच पडून राहते.

पहिला प्रश्न सोपा आहे : क्लचचे पायडल आहे का? गिअरचा दांडा कोठे आहे यावर मात्र विसंबू नये. पद्मिनी किंवा जुन्या ॲम्बेसेडरमध्ये बसलेल्यांना माहीतच आहे की, स्टिअरिंगजवळ दांडा असूनही गिअर हातानेच बदलावे लागत.

शेव्हरोले पिकअपचे उदाहरण घेऊ. तिच्यात आपोआप गिअर बदलणारे तीन प्रकार आढळतात : टीएच ४०० (१९६४ पासून), टीएच ३५० (१९६९ पासून) आणि ७००आर४ (१९८२ पासून). खाली वाकून ऑईल पॅनचे बोल्ट मोजावेत. १६ बोल्ट आणि लांबट चौकोनी पॅन म्हणजे ७००आर४. १३ असतील तर मात्र निर्णय होत नाही, कारण उरलेल्या दोघांनाही १३ च बोल्ट असतात! मग आकार पाहायचा. टीएच ३५० चा पॅन जवळजवळ चौरस, एक कोपरा कापलेला. टीएच ४०० चा वेडावाकडा, टेक्सास राज्याच्या नकाशासारखा. खात्रीसाठी आणखी एक खूण आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडावा, ही सूचना टीएच ३५० ला तारेच्या केबलने मिळते, तर टीएच ४०० ला विजेच्या वायरने. वनस्पती ओळखताना आपण एका पाकळीवर निर्णय देत नाही, तसेच हे. १९७३ नंतरच्या ट्रकच्या हातकप्प्यात एक चिठ्ठी चिकटवलेली असे. तीवर एम३८ असेल तर टीएच ३५०, एम४० असेल तर टीएच ४००. पण चिठ्ठी सांगते ती कारखान्यातली गोष्ट, आजची नव्हे.

हाताने बदलण्याच्या गिअरबॉक्सची ओळख आम्हाला अधिक रंजक वाटते, कारण तेथे पेटी न उघडता आतील दात मोजता येतात. निदान दातांचे गुणोत्तर तरी. जुन्या एसएम४२० मध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर ७.०५, तर १९६८ पासून आलेल्या एसएम४६५ मध्ये ६.५५. इंजिनाचा क्रँक एक फेरा फिरला की मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट पहिल्यात सुमारे ५१ अंश फिरतो, दुसऱ्यात ५५. फरक अवघा ४ अंशांचा. खडूची खूण आणि कोनमापक घेऊन तो ओळखणे कठीण. म्हणून क्रँक २० फेरे फिरवावा. आता शाफ्ट एकात २ फेरे व ३०१ अंश फिरेल, दुसऱ्यात ३ फेरे व १९ अंश. फरक ७८ अंशांचा झाला, वाचनातील चूक मात्र पूर्वीइतकीच राहिली. लंबकाचे एक आंदोलन न मोजता वीस का मोजायची, त्याचे कारण हेच.

हे करताना बॅटरी काढलेली, स्पार्क प्लग बाहेर काढलेले, पुढची चाके अडवलेली आणि मागची चाके भक्कम आधारावर उचललेली हवीत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. दातांमधील ढिलेपणा निघून जावा म्हणून आधी थोडे फिरवून मगच खूण करावी, आणि सतत एकाच दिशेने फिरवावे.

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत ही युक्ती चालत नाही. तेथे इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाचा दुवा असतो. क्रँक हाताने सावकाश फिरवला तर तेल नुसते ढवळले जाते, शाफ्ट जागचा हलत नाही. म्हणूनच तेथे बोल्ट मोजण्याची पाळी येते.

शाळेत ट्रक कोठून आणणार? सायकल चालेल. ती उलटी उभी करून साखळीच्या पेटीआड असलेल्या मागच्या चक्राला १८ दात आहेत की १९, हे मुलांना शोधायला सांगावे. पुढच्या चक्राला ४४ दात असतील, तर पायडलच्या १० फेऱ्यांना मागचे चाक एका बाबतीत २४.४ वेळा फिरेल, दुसऱ्यात २३.२ वेळा. पायडल पुढे फिरवले तर फ्रीव्हीलमुळे चाक पुढे निसटते व मोजणी चुकते. त्यासाठी चाकच हाताने उलटे फिरवावे आणि पायडलचे फेरे मोजावेत.