शितावरून भाताची परीक्षा, तशी पावाचीही

महाराष्ट्रात वसंत ऋतूचे आगमन दोन खुणांवरून ओळखता येते. एक, मंडईत आंब्याच्या पेट्या दिसू लागतात. आणि दुसरी, गावोगावी व्याख्याने सुरू होतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून या दोन गोष्टी हातात हात घालून चालत आल्या आहेत. परंतु व्यासपीठावरून देश, धर्म, शिक्षण आणि समाज यांविषयी जितके बोलले गेले, त्याच्या शतांशानेही आंब्याच्या पेटीविषयी अथवा पावाच्या लादीविषयी बोलले गेले नाही. मोठ्या शहरात गेल्यावर चांगली बेकरी आणि चांगला बाजार कसा हुडकावा, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर इतकेच की हा विषय आम्ही निवडलेला नाही. तो आमच्या आजीने आमच्यावर सोपवला.

आम्ही आंदर मावळातले, टाकवे बुद्रुकचे. कान्हे स्टेशनावर लोकल धरली की पुणे काही दूर नाही. तरीही पुण्याला जाण्यास आम्हांला निमित्त लागते. कोणाला दवाखान्यात भेटायचे असते, कोणाची कोर्टात तारीख असते, कोणाला मुलाचे नाव कॉलेजात घालायचे असते. काम कसलेही असो, निघताना घरातले लहान मूल पायांना मिठी मारते आणि एवढेच म्हणते, “येताना खाऊ आणा.” एकदा असेच एका आप्ताला दवाखान्यात भेटून आम्ही परत निघालो. गाडीची वेळ झाली होती. रहदारीच्या रस्त्यावर एका दुकानाची पाटी झगमगत होती. तिथून चकचकीत खोक्यातली खारी आणि केक घेतला. पैसेही बरेच मोजले. घरी खोके उघडले, मुलांनी एकेक तुकडा खाल्ला आणि मुकाट्याने हात धुतले. आजीने खारी नाकाजवळ नेली आणि म्हणाली, “अरे, हिला जुन्या तेलाचा वास येतोय. तांदूळ घेताना मूठ नाकाला लावून बघतोस ना? मग आज नाक कुठं ठेवलं होतंस?”

हा प्रश्न आम्हांला पैशांपेक्षा जास्त लागला. कारण तो खरा होता. मावळचा माणूस तांदळाच्या बाबतीत सहसा फसत नाही. तो दाणा दातांखाली धरतो, वास घेतो, नवा की जुना विचारतो, कोणत्या खाचरातला तेही विचारतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला इंद्रायणी तांदूळ आणि जुना आंबेमोहर यांतला फरक तो डोळे मिटून सांगेल. परंतु हाच माणूस शहरात उतरला की आपली सारी पारख जणू स्टेशनावरच ठेवून पुढे जातो. शहरातले सगळे शहरी लोकांनाच कळते, आपण फक्त पाटी वाचावी आणि पैसे द्यावेत, अशी त्याची समजूत होते. ही समजूत काढून टाकणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्याला पावाची परीक्षा अवघड नाही. तिच्यातील चार खुणा तेवढ्या माहीत हव्यात.

पहिला प्रश्न, शोधावे कोठे? याचे उत्तर शहराच्या इतिहासात असते. पाव हा आपल्याकडे समुद्रावरून आला. पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला, शब्दही त्यांचाच. गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात. पूर्वी यीस्ट मिळत नसे, तेव्हा तो माडाच्या सुरेने पीठ आंबवीत असे. आजही गोव्याच्या कित्येक गावांत पोदेराच्या सायकलीचा भोंगा ऐकूनच सकाळ होते. दुसरीकडून पाव आला तो पलटणींबरोबर. गोऱ्या शिपायाला भाकरी चालत नव्हती, म्हणून जेथे छावणी तेथे भट्टी असे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या प्रारंभी इराणातील यझ्द, केरमान या भागांतून झरथुष्ट्री इराणी मुंबई-पुण्यास आले आणि चहा, पाव, बिस्किटे यांच्या धंद्यात त्यांनी नाव कमावले. मुंबईत धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ सालचे. पुण्याच्या लष्कर भागात ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ सालची. तिच्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी लोक आजही रांगेत उभे राहतात.

पुण्यात चांगल्या जुन्या बेकऱ्या लष्कराच्या बाजूला अधिक आणि जुन्या पेठांत कमी का, हे यावरून ध्यानात येईल. पेठांना पावाचा विटाळ होता. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृती मंडळी जमली असता त्यांच्यापुढे चहा आणि बिस्किटे आली. त्या चहा-बिस्किटांवरून पुण्यात केवढे ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत कसे गेले आणि रानड्यांसारख्यांनाही पुढे प्रायश्चित्त कसे घ्यावे लागले, हे सर्वश्रुत आहे. ज्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यांनाच एका बिस्किटाचा एवढा ताप झाला! तेव्हा बिस्किट हा व्यासपीठाला अगदीच परका विषय आहे, असे निदान पुण्याच्या शेजाऱ्यांनी तरी म्हणू नये.

सारांश, कोणत्याही मोठ्या शहरात गेल्यावर विचारावे: येथे जुनी छावणी कोठे होती? बंदर कोठे? ख्रिस्ती, इराणी, मुसलमान वस्त्या कोठे? तेथे भट्टी सापडण्याचा संभव अधिक. कलकत्त्याला गेलात तर १८७४ साली उघडलेल्या न्यू मार्केटात जा. तेथे नाहूम या ज्यू कुटुंबाने १९०२ मध्ये सुरू केलेल्या धंद्याची बेकरी आढळेल. बाजार आणि भट्टी एकमेकांच्या आश्रयाने राहतात, ही खूणही तेथेच पटेल.

दुसरा प्रश्न, ओळखावे कसे? येथे पाटीवर विसंबू नये. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या वाचणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. एक नाव गाजले की ते दहा दारांवर चढते. पाटीऐवजी गिऱ्हाईक पाहावे. दुकानात प्रवाशांचीच गर्दी आहे, की हातात कापडी पिशवी घेतलेला शेजारचा माणूसही येतो? रोज येणारा माणूस शिळा माल दुसऱ्यांदा घेत नाही. त्याची पिशवी हीच सर्वांत मोठी शिफारस. मग विचारावे, “भट्टीतून माल किती वाजता निघतो?” ज्याची भट्टी आहे, तो वेळ चटकन सांगतो. ज्याचा माल दुसरीकडून येतो, तो “ताजाच आहे” एवढेच म्हणतो. आणि दुकानदार “संपला, आता संध्याकाळी या” म्हणाला, तर रागावू नये. जेथे माल संपतो, तेथेच तो ताजा असतो.

पावाची प्रत्यक्ष परीक्षाही सोपी आहे. लादी बोटाने हलकेच दाबावी. ती पुन्हा वर आली पाहिजे. कडक कवचाच्या ब्रून पावावर तळाशी टिचकी मारावी. पोकळ आवाज आला तर तो आतपर्यंत भाजला आहे. पाव शिळा का होतो, हेही समजून घ्यावे. भाजताना पिठातील पिष्ट पाणी पिऊन फुगते व मऊ होते. गार झाल्यावर ते हळूहळू पुन्हा घट्ट बसू लागते. म्हणजे पाव केवळ वाळून शिळा होत नाही. फ्रिजच्या थंडीत तर ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवून टिकवण्याची आपली युक्ती उलटी पडते. त्यापेक्षा तो फडक्यात गुंडाळून ठेवावा आणि खाताना तव्यावर गरम करावा.

खारी, नानकटाई, बिस्किटे यांची गोष्ट निराळी. त्यांत पाणी कमी आणि स्निग्ध पदार्थ अधिक. त्यामुळे ती दिवसेंदिवस टिकतात, पण टिकता टिकता खवट होतात. येथे डोळ्यांचा उपयोग नाही; आमच्या आजीचे नाकच पाहिजे. बंद खोके घेणार असाल तर त्यावरील तारीख वाचावी. सुट्या मिठाईच्या ताटावरही ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदारांवर बंधनकारक झाले आहे. कायद्याने दिलेला हा हक्क विचारून वापरण्यात कमीपणा कसला? आणि किलोभर घेण्याआधी छटाकभर घ्यावे, तेथेच चाखावे, मग पिशवी उघडावी.

आता बाजाराकडे वळू. पुण्याची महात्मा फुले मंडई आता टाकवेकरांना अधिक जवळ आली आहे. लोकलने शिवाजीनगरला उतरावे आणि तेथून स्वारगेटकडे जाणारी मेट्रो धरावी; सप्टेंबर २०२४ पासून ती मंडईच्या पायथ्याशी थांबते. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरे. पुढे नगरपालिकेने अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत बांधली आणि १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती उघडली. नगरपालिकेचे सभासद असताना मंडईवरील खर्चाला जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचे नाव मिळाले. मुंबईचे १८६९ सालचे क्रॉफर्ड मार्केटही आज महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. ज्या महापुरुषाने शेतकऱ्याच्या आसुडाची भाषा केली, त्याचे नाव दोन मोठ्या शहरांच्या बाजारांवर आहे, हे पिशवी घेऊन आत जाताना विसरू नये.

मंडईत गेल्यावर पहिला नियम असा की पहिली फेरी रिकाम्या हाताने मारावी. तीन ठिकाणी भाव विचारावा, मग घ्यावे. दर्शनी गाळ्यावर मांडणी देखणी असते. आतल्या ओळीत आणि कडेला वाटे लावून बसणाऱ्या बायकांकडे कित्येकदा त्याच प्रतीचा माल कमी भावात मिळतो. घाऊक घ्यायचे असेल तर गुलटेकडीचे मार्केट यार्ड. तेथे पहाट गाठावी लागते. दुसरा नियम, वजनाकडे लक्ष असावे; काटा आपल्या डोळ्यांसमोर शून्यावर आला पाहिजे. तिसरा नियम, नावाची नव्हे तर वस्तूची खरेदी करावी. चैत्र-वैशाखात परप्रांतातला आंबाही देवगडच्या पेटीत बसून येतो. देठाजवळ नाक न्यावे. झाडावर तयार झालेल्या हापूसचा वास तेथे आधी उमटतो. रंग पिवळाधमक आणि वास मुळीच नाही, तर पुढच्या गाळ्याकडे जावे. आपल्या आंबेमोहराचीही हीच गत आहे. तसाच दिसणारा दुसरा तांदूळ त्याच्या नावाने शहरात विकला जातो. म्हणजे देवगडचा बागाईतदार आणि मावळचा भातकरी यांचे दुःख एकच.

या विषयात पणाला काय लागले आहे, ते येथे दिसते. आपण नुसत्या पाटीला पैसे देतो, तेव्हा फसतो आपण एकटे नव्हे; पहाटे भट्टीपुढे घाम गाळणारा प्रामाणिक कारागीरही त्याच वेळी हरतो. आणि त्याच्यापुढे आज अडचणी थोड्या नाहीत. लाकूड-कोळशावर चालणाऱ्या मुंबईतील भट्ट्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. शहराच्या श्वासाचा प्रश्न आहे. तेव्हा त्याविरुद्ध तक्रार करता येत नाही. पण जुनी भट्टी मोडून नवी बसवायला भांडवल लागते, आणि ते गिऱ्हाईकाच्या इमानावरच उभे राहते. पारखी गिऱ्हाईक नसेल, तर चांगला पाव कोणासाठी भाजायचा? आमच्या इंद्रायणीला कोणी ओळखलेच नाही, तर ती पेरायची कोणासाठी? दोन्ही प्रश्न एकाच मुशीतले आहेत.

पुढच्या खेपेस आम्ही पुण्यास गेलो तेव्हा गाडीच्या वेळेआधी तासभर राखून ठेवला. लष्कर भागातल्या गल्लीत एक लहानशी बेकरी पाहिली; पाटी पुसट होती, पण दारात पिशवीवाले चौघे उभे होते. माल किती वाजता निघतो ते विचारले, पाच मिनिटे थांबलो, एक खारी घेऊन आधी नाकाला लावली. दुकानदार हसला, म्हणाला, “शेतकरी दिसता.” आम्हांला तो मान वाटला.

घरी आजीने खारी हुंगली. काही बोलली नाही. चहाचा कप पुढे ओढला आणि दुसरी घेतली.